फुगविण्याचें उष्णकुंड

यंदाच्या चैत्रांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेस आलों, तेव्हांपासून या सदराचें लेखन न्यू जर्सी राज्यांतील एडिसन गांवीं एका खिडकीपाशीं बसून होत आहे, हें नित्याच्या वाचकांस ठाऊक आहेच. खिडकींतून घराचें परसदार दिसतें. परसदार म्हणजे हिरवळीचा एक चौकोन, भोंवतीं लांकडी कुंपण, कोंपऱ्यांत एक मेपलचें झाड, आणि मागील दारास लागून जमिनीपासून छातीभर उंचीवर खांबांवर उभारलेला लांकडी सज्जा. यास येथें डेक म्हणतात. तुळस आहे, परंतु ती कुंडींतली. थंडी पडली कीं ती माणसांबरोबर घरांत येऊन राहते. या परसांत एक हॉट टब घ्यावा, व तोही हवा भरून फुगविण्याचा, या विषयावर आमच्या घरांत दोन महिने जें बोलणें झालें तें या महिन्यास वाचकांपुढें ठेवीत आहों. वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें परदेशीं आहेत. आणि घरबसल्या मागवितां येणारा पदार्थ पुण्या-नाशिकच्या गच्चीवर येऊन बसण्यास आतां वेळ लागत नाहीं.

ज्यांनीं हा टब पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करितों. जाड प्लॅस्टिकच्या कापडाची वाटोळी पोकळ भिंत, तिला खालीं तसलाच तळ, आणि बाहेर एक पेटी. पेटींत पंप, हीटर, पाणी गाळण्याची चाळणी व हवेचा भाता असतो. भात्यानें भिंतींत हवा भरावयाची कीं घडी घातलेलें बाड उठून कुंड होतें. मग बागेच्या नळीनें त्यांत पाणी सोडावयाचें, आणि तेंच पाणी पेटींतून फिरून फिरून तापत राहतें. बटण दाबिलें असतां तळाच्या कडेला असलेल्या शंभर-सव्वाशें छिद्रांतून हवा सुटते आणि सर्व पाणी खदखदल्यासारखें दिसतें. कायमच्या बसविण्याच्या टबास येथें कित्येक हजार डॉलर पडतात. हा फुगविण्याचा चार-पांचशांपासून हजार-दीड हजारांपर्यंत मिळतो, आणि हंगाम संपला कीं हवा सोडून माळ्यावर ठेवितां येतो.

या खटाटोपाचें मूळ आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे. सहा वर्षें झालीं, जिना उतरणें त्यांस नकोसें झालें आहे. आमचें गांव संगमेश्वर तालुक्यांतलें. त्या बाजूस आरवली, तुरळ, राजवाडी येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. कोंकणांत अशा झऱ्यास उन्हाळें म्हणतात. गांवीं जातां येतां आरवलीच्या कुंडापाशीं थांबून पाय पाण्यांत सोडून बसावयाचें हा त्यांचा नेम. पाडव्याच्या दिवशीं श्रीखंड खातांना त्यांनीं ही आठवण सांगितली, तेव्हां सूनबाई लगेच म्हणाल्या, “आई, मग आपण परसांतच उन्हाळें करूं या कीं!” कल्पना प्रथम सूनबाईंचीच, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हीं तें ठेविलें नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त पुढें घ्यावें लागलें.

ऊन पाण्यांत बसण्याचा उपचार कांहीं पाश्चात्त्यांनीं आपणांस शिकविला नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चौदावा अध्याय स्वेदाचा, म्हणजे शेक व घाम यांच्या उपचाराचा आहे. तेथें अग्नीच्या साह्यानें द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत अवगाहन हा एक. वातहर औषधांचा काढा, दूध, तेल, तूप किंवा साधें ऊन पाणी यांनीं भरलेल्या कोठींत बसणें, असें त्याचें स्वरूप. (मूळांत मांसरसही आहे, तो आम्हीं गाळला.) मात्र आजच्या यंत्राची कथा निराळी आहे, आणि ती आम्हांस फार आवडली. इटलीच्या उत्तरेकडील फ्रिउली प्रांतांतून जकुझी आडनांवाचे सात भाऊ अमेरिकेंत येऊन कॅलिफोर्नियांत स्थायिक झाले. त्यांनीं प्रथम विमानांचे पंखे केले, मग शेतीचे पंप केले. धाकट्या कँडिडोच्या मुलास अगदीं लहानपणीं संधिवातानें गांठलें. रुग्णालयांत त्या मुलास खळाळत्या पाण्याचा उपचार देत. तो घरींही मिळावा म्हणून, पंप करणाऱ्या बापानें आंघोळीच्या साध्या टबांत ठेवावयाचा एक लहानसा पंप केला. तो १९५६ सालीं जे-३०० या नांवानें बाजारांत आला. पुढें १९६८ सालीं त्याच घराण्यांतील रॉय जकुझीनें टबाच्या भिंतींतच झोत बसविले, आणि रोग्याचा उपचार श्रीमंतांची चैन झाला. सौभाग्यवतींस ही गोष्ट सांगितली, तेव्हां त्यांनीं विचारिलें, “मग तें पोर बरें झालें कां?” बरें झालें नाहीं, संधिवात त्याला जन्मभर राहिला. परंतु तो मोठा झाला, आणि आपली हकीकत लिहिण्याइतकें आयुष्य त्याला लाभलें.

असो. चिरंजीव संगणकाच्या धंद्यांतले. त्यांनीं तीन रात्री जागून एक तक्ता तयार केला. टबाचें नांव, किंमत, छिद्रांची संख्या, पाण्यांतील दिव्यांचे रंग, प्याला ठेवण्याच्या खांचा, असे त्यांत अकरा रकाने होते. आंत कोण बसणार, हा रकाना नव्हता. त्यांची निवड सहा माणसांच्या टबावर ठरली होती, आणि जागा डेकवर. स्वैंपाकघराचें दार उघडलें कीं पुढें टब! आम्हीं नातीची पाटी मागवून घेतली.

सहा माणसांचा म्हणून विकल्या जाणाऱ्या टबांत सुमारें अकराशें लिटर पाणी मावतें. लिटरास एक किलो धरिलें तर अकराशें किलो. त्यांत सहा माणसें बसलीं कीं आणखी चारशें. एकूण दीड टन. येथील घरांचे डेक सामान्यतः दर चौरस फुटास ४० पौंड भार धरून बांधितात. आतां एक फूट खोल पाण्याचेंच वजन चौरस फुटास ६२ पौंड भरतें, आणि टबांत पाणी दीड फुटाहून अधिक असतें. चिरंजीवांनीं आमचा गुणाकार आपल्या यंत्रावर दोनदां तपासला, मग खालीं जाऊन डेकचे खांब पाहून आले, आणि तक्त्यांतील ‘डेक’ हा शब्द त्यांनीं कांहीं न बोलतां खोडून टाकला. डेकच्या खालीं नातीची तीनचाकी ठेवलेली असते. आपल्याकडे ज्यांस गच्चीवर टब न्यावयाचा असेल त्यांनीं घर बांधणाऱ्या अभियंत्याचें लेखी मत घेतल्यावांचून तो जिना चढवूं नये. जमीन, आणि तीही सपाट, खडे वेंचलेली व शक्य तर काँक्रीटची, हीच टबाची खरी जागा.

दुसरा हिशेब उष्णतेचा. अकराशें लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचें तर सुमारें ३२ युनिट वीज लागते, तीही वाटेंत कांहींच उष्णता सांडली नाहीं असें धरून. येथील साध्या सॉकेटांत १२० व्होल्टांचा दाब असतो, व त्यावर चालणाऱ्या टबांचा हीटर सुमारें तेराशें वॅटचा. म्हणजे एक अख्खा दिवस व एक अख्खी रात्र गेली कीं पाणी बसण्याजोगें झालें! आपल्याकडे किंवा विलायतेंत दाब २३० व्होल्टांचा असल्यामुळें दोन किलोवॅटपर्यंतचा हीटर चालतो आणि वेळ कमी लागतो. चार माणसांच्या टबांत आठशें लिटर पाणी. त्यास २३ युनिट व अठरा तास पुरतात. शिवाय १२० व्होल्टांच्या बहुतेक टबांत बुडबुडे सुरू केले कीं हीटर थांबतो, आणि भाता तर बाहेरची गार हवा पाण्यांत सोडीत असतो. बुडबुडे जितका वेळ, तितका वेळ पाणी निवत जावयाचें. म्हणून छिद्रांची संख्या पाहून टब घेणारास आम्ही सांगतों कीं, छिद्रांआधीं झांकण पाहा. उष्णता मुख्यतः वरून जाते. झांकण जाड व घट्ट बसणारें असावें, आणि बुडाखालीं फोमची चटई असावी. सॉकेट टबापासून निदान सहा फूट दूर हवें. पाण्यांत वीज उतरण्याचा संभव दिसतांच प्रवाह तोडणारें उपकरण त्यास लाविलेलें हवें. येथें त्यास जीएफसीआय म्हणतात, आपल्याकडे आरसीसीबी. वायर पोंचत नाहीं म्हणून मध्यें दुसरी वायर जोडून काम भागविण्याची जी आपल्या लोकांची हातोटी आहे, ती येथें प्राणावर बेतेल.

आणखी एक गोष्ट आम्हांस जाहिरातीच्या चित्रावरून कळली नव्हती. चित्रांत भोंवतीं बर्फ पडलेलें असतें आणि जोडपें टबांत हंसत असतें. परंतु हवा ४ अंशांखालीं गेली असतां टब मांडूं नये, असें फुगविण्याचे टब करणारे बहुतेक कारखानदार आपल्या पुस्तिकेंत सांगतात. न्यू जर्सीचा हिंवाळा तर शून्याखालीं जाणारा. म्हणजे ज्या महिन्यांत सौभाग्यवतींचे गुडघे सर्वांत अधिक ठणकावयाचे, नेमका त्या महिन्यांत टब माळ्यावर असावयाचा.

सौभाग्यवतींचा आक्षेप मात्र वजनाचा नव्हता, विजेचाही नव्हता. त्या म्हणाल्या, “अहो, चार जणांनीं बसून उठावयाचें, आणि तें पाणी ओतून न देतां दुसरे दिवशीं पुन्हां त्यांतच आपण बसावयाचें?” चिरंजीवांनीं हंसून विचारिलें, “मग आरवलीच्या कुंडांत काय, आई?” त्यावर उत्तर आलें, “तें वाहतें असतें.” या उत्तरांत सोवळ्याइतकेंच शास्त्र आहे, हें पुढें वाचनांत आम्हांस आढळलें. तापलेलें व साचलेलें पाणी म्हणजे सूक्ष्म जंतूंचें माहेर. १९७६ सालीं येथून जवळच असलेल्या फिलाडेल्फिया शहरीं माजी सैनिकांच्या एका मेळाव्यांत जो न्यूमोनिया पसरला, त्यावरून ‘लीजनेअर’ हें रोगाचें नांव पडलें. आणि १९९९ सालीं हॉलंडांतील बोव्हेनकार्स्पेल गांवच्या फुलांच्या प्रदर्शनांत नुसत्या दाखविण्यासाठीं मांडलेल्या अशाच खळाळत्या टबाच्या तुषारांतून तो पसरून ३२ माणसें दगावलीं. त्यांपैकीं पुष्कळजण टबांत बसले नव्हते. जवळून गेले होते, इतकेंच.

तेव्हां टब घेणें म्हणजे एक लहानसें पाणीपुरवठा खातें चालविणें होय. पाण्यांत मोकळें क्लोरीन दशलक्ष भागांस निदान ३ भाग असावें व पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान असावा, असें येथील सरकारी रोगनियंत्रण केंद्र सांगतें. कागदाच्या पट्ट्या बुडवून रंग पाहावा लागतो. ऊन पाण्यांतून क्लोरीन लवकर उडून जातें, म्हणून हें काम आठवड्याचें नव्हे, तर जवळजवळ रोजचें आहे. चाळणी धुवावी लागते, बदलावी लागते; आणि ठराविक काळानें सर्व पाणी सोडून टब घांसावा लागतो. हें करणारें माणूस घरांत कोण, तें आधीं ठरवावें. टबांत बसणारे सहा आणि चाळणी धुणारी एक सून, अशी वांटणी असेल तर टब न घेणेंच बरें.

आपल्या घरांस विशेषेंकरून सांगावयाचें तें तेलाविषयीं. ऊन पाणी म्हटलें कीं आपणांस आधीं अभ्यंग आठवतें. सौभाग्यवतींनींही विचारिलें कीं, दिवाळीस तेल-उटणें लावून त्यांत बसतां येईल कां? येणार नाहीं. तेल चाळणीस बुजवितें, क्लोरीन खाऊन टाकतें, आणि उटण्याचा तर चिखलच होतो. टबांत उतरण्यापूर्वीं साबणानें आंघोळ करावयाची असते. आंघोळीसाठीं आंघोळ! हें ऐकून टबावरील त्यांची श्रद्धा निम्मी उडाली.

येथवर सूनबाई या बोलण्यांत नव्हत्या. पाडव्यास ज्यांनीं उन्हाळ्याची कल्पना काढिली, त्या ज्येष्ठ लागल्यापासून विषय निघाला कीं उठून जात. एकदां म्हणाल्या, “यंदा राहूं द्या ना. पुढच्या वर्षीं पाहूं. वीजही किती जाईल!” चिरंजीवांच्या कपाळास आठी पडली. आमच्या मनांत जें आलें तें लिहितांना आतां लाज वाटते. सासूच्या गुडघ्यांसाठीं खर्च व्हावयाची वेळ आली तेव्हां हात आंखडला, असें आम्हांस वाटलें. आम्हीं तें बोलून दाखविलें नाहीं. परंतु दोन दिवस त्यांच्याशीं कामापुरतेंच बोललों, आणि तें त्यांना कळलें नसेल असें नाहीं. छत्तीस वर्षें ज्यानें मुलांच्या चेहऱ्यांवरून न केलेला गृहपाठ ओळखला, त्याला घरांतील चेहरा ओळखतां आला नाहीं.

एके शनिवारीं रात्रीं जेवतांना आम्ही स्वेदाध्यायाचा विषय काढून बसलों होतों. कोणास स्वेद द्यावा हें सांगितल्यावर कोणास देऊं नये याची लांबलचक यादी त्या ग्रंथांत आहे, ती आम्ही मराठींत सांगूं लागलों: नित्य मद्य घेणारा, गर्भिणी, रक्तपित्ती, मधुमेही, दमलेला, तहानलेला, भुकेलेला, रागावलेला, शोकांत असलेला, काविळीचा, दुबळा. ‘रागावलेला’ यावर चिरंजीव हंसले व आमच्याकडे पाहूं लागले. आम्हीही हंसलों. सौभाग्यवती हंसल्या नाहींत. यादींतला दुसरा शब्द कानीं पडतांच तूप वाढणारा सूनबाईंचा हात थांबला होता, तो त्यांनीं पाहिला. जेवणें झाल्यावर स्वैंपाकघरांत बराच वेळ नळ चालू होता.

सकाळीं आम्हांस कळलें. दुसरा महिना होता. दोन वर्षांपूर्वीं तिसऱ्या महिन्यांत एकदां गेलें होतें, आणि तें आम्हां उभयतांस कोणी कळविलेंच नव्हतें. उगीच सातासमुद्रांपलीकडे काळजी कशाला, म्हणून. त्या वेळीं चिरंजीवच अधिक खचले होते, तेव्हां डॉक्टर तपासून निर्वाळा देईपर्यंत या वेळीं त्यांनाही सांगावयाचें नाहीं असें सूनबाईंनीं मनाशीं ठरविलें होतें. टब आला असता तर सर्वांनीं आग्रह केला असता, “अगं, तूंच पहिल्यानें बैस.” नाहीं म्हणण्यास कारण द्यावें लागलें असतें. म्हणून वीज. त्या सकाळीं चहा आम्हीं केला आणि त्यांच्यापुढें नेऊन ठेविला. दुसरें कांहीं सुचलें नाहीं. साखर फार झाली होती, असें मागाहून समजलें. पण त्यांनीं तो सर्व घेतला. चिरंजीवांस त्यांनीं त्याच दिवशीं सांगितलें. आतां तिसरा महिना सुखरूप उलटला असून, हा मजकूर सूनबाईंस वाचून दाखवूनच पाठवीत आहों.

वैद्यक या बाबतींत चरकापाशींच उभें आहे. गर्भारपणाच्या पहिल्या आठवड्यांत आईच्या अंगाची उष्णता फार वाढली तर बाळाच्या मेंदूच्या व कण्याच्या घडणीस अपाय होण्याचा धोका असतो, म्हणून येथील डॉक्टर गर्भिणीस हॉट टब टाळण्यास सांगतात. आणि नेमके तेच आठवडे असे असतात, कीं बातमी कोणासही सांगितलेली नसते. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे कीं, टबांत बसण्याचा आग्रह घरांतील कोणत्याही लेकीसुनेस करूं नये, आणि नको म्हटल्यास कारण विचारूं नये.

मुलांविषयींही नियम स्पष्ट आहे. पांच वर्षांखालील मुलांस या पाण्यांत मुळींच बसवूं नये, कारण त्यांचें अंग मोठ्यांपेक्षां फार लवकर तापतें. न बसणाऱ्या मुलांचें भय तर त्याहून मोठें. दीड-दोन फूट पाणी मूल बुडण्यास पुष्कळ होतें, आणि बुडणारें मूल ओरडत नाहीं. झांकणास कुलूप हवेंच हवें, आणि किल्ली मुलाच्या हातीं न लागेल अशा जागीं. कुंपण कसें असावें याचे नियम येथें निरनिराळ्या टाऊनशिपांचे निरनिराळे असतात. टब मागविण्यापूर्वीं कचेरींत विचारून घ्यावें. आमची नात चार वर्षांची आहे. तिला हा नियम सांगितला, तेव्हां तिनें बोटें मोजून वैशाखांत येऊं असें कळविलें.

राहिलों आम्ही. आम्हांस रक्तदाबाची गोळी चालू आहे. ऊन पाण्यानें रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो, आणि उठून उभें राहतांना भोंवळ येते. आमच्या वयाच्या माणसांनीं वैद्यास विचारल्याशिवाय आंत उतरूं नये, एकट्यानें तर नाहींच. पाणी ४० अंशांपुढें कोणासाठींही नेऊं नये, म्हाताऱ्यांस ३७-३८ पुरे, आणि पंधरा मिनिटांत उठावें. मद्याच्या प्याल्यासाठीं टबाच्या कडेला ज्या खांचा ठेविलेल्या असतात, त्यांत चष्मा ठेवावा.

अशा रीतीनें सहा माणसांच्या टबांत बसण्यास उरलीं दोन माणसें, आई आणि मुलगा. त्यांपैकीं जिच्यासाठीं टब घ्यावयाचा, ती आंत जाणार कशी, हा प्रश्न सर्वांत शेवटीं सुचला. खरें पाहतां तो पहिल्या दिवशीं सुचावयास पाहिजे होता. या टबास दार नसतें. भिंतीची उंची २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. ती ओलांडून एक पाय आंत टाकावयाचा, सर्व भार त्या पायावर घेऊन दुसरा उचलावयाचा, आणि तेंही ओल्या, मऊ तळावर. भिंतीवर बसून वळावें म्हटलें तर साधी भिंत दबते. आम्हीं दिवाणखान्यांतील सोफ्याचा हात मोजला. तो पंचवीस इंच भरला. सौभाग्यवतींस म्हणालों, “यावरून पलीकडे जाऊन दाखवा.” त्यांनीं पदर खोंचला, आमच्या खांद्यावर हात ठेविला, उजवा पाय अर्धा वर नेला आणि थांबल्या. मग पाय खालीं ठेवून म्हणाल्या, “या टबांत उतरतां येईल असे गुडघे असते, तर टब कशाला लागला असता?”

चिरंजीवांनीं तक्ता मिटला.

टब यंदा आला नाहीं. परंतु गुडघ्यांची सोय झाली, आणि ती घरांतच निघाली. येथील प्रत्येक घराप्रमाणें या घरींही माडीवर आंघोळीचा एक टब आहे. तो नातीच्या प्लॅस्टिकच्या बदकांनीं भरलेला असल्यामुळें कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. रुग्णोपयोगी सामानाच्या दुकानांत एक लांबट बांक मिळतें. त्याचे दोन पाय टबाच्या बाहेर व दोन आंत उभे राहतात. बाहेरच्या टोंकास बसावयाचें, सरकत सरकत आंत यावयाचें आणि पाय एकेक करून उचलून घ्यावयाचे. भिंतीस धरावयाची कांब चिरंजीवांनीं लांकडाच्या आडव्या पट्टींत स्क्रू पिळून घट्ट बसविली. नुसत्या चिकटणाऱ्या कांबेवर भरंवसा ठेवूं नये. रोज संध्याकाळीं गुडघे बुडतील इतकें ३८ अंशांचें पाणी, पंधरा मिनिटें. तेल आधीं गुडघ्यांपुरतेंच लावितां येतें, कारण पाणी तेव्हांच सोडून द्यावयाचें असतें. मात्र मागाहून टब साबणानें घांसावा लागतो, नाहींतर दुसरा माणूस घसरेल. हें घांसण्याचें काम आम्हीं पतकरलें आहे. सौभाग्यवतींचा कोणताही आक्षेप उरलेला नाहीं. जिना त्या अजून सावकाशच उतरतात. पण रात्रीं ठणका कमी असतो.

पुढच्या वैशाखासाठीं नवा कागद केला असून तो शीतकपाटाच्या दारावर लाविला आहे. टब चार माणसांचा. भिंत ताठ जातीची, म्हणजे दोन पदरांमध्यें हजारों धागे ताणलेले असल्यामुळें हवा भरल्यावर फळीसारखी उभी राहणारी. साधीपेक्षां महाग, पण हात टेकला असतां दबत नाहीं. जागा स्वैंपाकघराच्या पायऱ्यांशेजारची काँक्रीटची. बाहेर रुंद पायऱ्यांचा एक चौथरा व त्यास कठडा, आणि आंत उतरण्यास एक वजनदार, न घसरणारी पायरी. हा खर्च टबाच्या किंमतींत आधींच धरावयाचा. कुलपाचें झांकण. चाळणी चिरंजीवांनीं धुवावयाची. ‘बुडबुडे’ या शब्दापुढें चिरंजीवांनीं ‘कितीही चालतील’ असें लिहिलें आहे, आणि ‘दिवे’ हा शब्द नातीच्या आग्रहावरून ठेविला आहे. आंत कोण बसणार, हा रकाना या वेळीं सर्वांत वर आहे. त्यांत सूनबाईंचें नांव डॉक्टरांच्या संमतीनें असें लिहून घातलें आहे. नातीनें विचारिलें, “बाळाला पण पांच वर्षं थांबायचं?” आम्हीं होय म्हटलें. तिला तें फार न्याय्य वाटलें.

आमचीं परतीचीं तिकिटें आश्विनाचीं आहेत. सौभाग्यवतींचें पुढें ढकलण्यासाठीं अर्जांची खटपट चालू आहे. आमचें तसेंच ठेविलें आहे. तेव्हां कार्तिकाच्या अंकापासून हें सदर पुन्हां घरून लिहिलें जाईल.